गावात कलाघर काढताय? आधी संध्याकाळी दार उघडं ठेवा

प्रश्न असा आला आहे: "ताई, आमचं गाव तासगाव तालुक्यात. शाळा नव्या इमारतीत गेल्यामुळे जुन्या चार खोल्या आणि पुढचं पटांगण रिकामं पडलंय. ग्रामपंचायत द्यायला तयार आहे. आम्ही आठ जण आहोत. कुणी भजनात पखवाज वाजवतो, कुणी कॉलेजात एकांकिका केल्यात. आधी पाहुण्यांसाठी एक दालन आणि दर रविवारी लोककलेचा कार्यक्रम सुरू करावा, त्यातून पैसा उभा राहिला की गावातल्या मुलांचे वर्ग काढावेत, असा विचार आहे. मुलं आणि पाहुणे, दोन्ही एका छपराखाली जमतं का? सुरुवात कशी करावी?"

जमतं. मिरजेत गेली २१ वर्षं मी हेच करत आले आहे. पण तुम्ही लावलेला क्रम उलटा करा. आधी मुलं, मग पाहुणे.

आम्हीही पहिली दोन वर्षं तुमच्यासारखंच केलं होतं. भिंती रंगवल्या, जुन्या नटांचे फोटो लावले, काचेच्या कपाटात एक पखवाज ठेवला, रविवारी कार्यक्रम. लोक यायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि जायचे. सोमवार ते शनिवार दाराला कुलूप. तिसऱ्या वर्षी रविवारीही माणसं येईनाशी झाली, कारण पुन्हा येऊन बघावं असं आत काही घडतच नव्हतं. कपाटातला पखवाज एकदा बघितला की झालं. मग आम्ही तो पखवाज बाहेर काढला, त्याला शाई, म्हणजे पुडीवरचा काळा लेप, भरून घेतली आणि एका मुलाच्या पुढ्यात ठेवला. रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली आणि त्यानंतर आलेला माणूस अर्धा-अर्धा तास थांबायला लागला.

आपल्या सांगली जिल्ह्याचा इतिहासही हेच सांगतो. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करायला सांगलीत आली. यक्षगानाच्या, म्हणजे तिकडच्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्याच्या, वळणाचे खेळ होते ते. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितले आणि आपल्याच पदरी असलेल्या विष्णुदास भावे या तरुणाला सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत कर. भावे लाकडी बाहुल्या करायचे, पदं रचायचे. १८४३ मध्ये त्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, त्याचं मूळ हे आहे. म्हणजे पाहुणे आले, त्यांनी काही दाखवलं आणि गावातल्या एका पोराने ते पचवून स्वतःचं काही केलं. तुमच्या कलाघराला पाहुणा हवा तो एवढ्यासाठी. तो पैसे देईल ही गोष्ट खरी आणि गरजेचीही आहे, पण त्याच्याकडून आपल्या मुलांना काय मिळतं, तेही रोज बघत चला.

आता सुरुवात. पहिले दोन महिने कुठलाही वर्ग जाहीर करू नका. संध्याकाळी साडेपाच ते आठ दार उघडं ठेवा, दिवा लावा, एक जाजम टाका, एक हार्मोनियम, एक ढोलकी, थोडे कागद-रंग. तुम्हा आठांपैकी दोघं जण रोज तिथे बसलेच पाहिजेत. कोणते दोघं, ते भिंतीवर लिहून ठेवा. मुलं आधी दारातून डोकावतील, मग उंबऱ्यावर बसतील, चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा आत येऊन ढोलकीवर थाप मारून पळून जाईल. पळू द्या. या दोन महिन्यांत गावातल्या मुलांचा दिवस कसा जातो ते तुम्हाला कळेल. शाळा कधी सुटते, शिकवणी कधी, म्हशीची धार कुणाच्या वाट्याला, द्राक्षांच्या छाटणीत कोण अडकतं. आम्ही हे न बघता चार वाजताचा नाट्यवर्ग लावला होता. एकही मुलगी आली नाही. कारण चारला घरात पाणी यायचं आणि ते भरायचं काम मुलींकडे होतं. वेळ सहाची केली, तेव्हा नऊ मुली आल्या. नाटकाची आवड चारलाही तेवढीच होती.

मुलींचं मी जरा वेगळं सांगते, कारण बहुतेक ठिकाणी इथेच गाडं अडतं. कलाघर मुलींना आपलं वाटतं की नाही, हे तुमच्या भाषणावरून ठरत नाही. आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, शेवटची एसटी चुकली तर घरी कोण सोडणार आणि तालमीला बाईमाणूस हजर असतं का, यावर ठरतं. चार खोल्यांपैकी पहिला खर्च स्वच्छतागृहावर करा. रंगमंचाचा पडदा नंतर आणता येतो. आमच्याकडे सुरुवातीपासून एक नियम आहे. मुलांबरोबर कुठल्याही खोलीत एकटं मोठं माणूस राहायचं नाही. निदान दोघं, आणि दार उघडं. शिकवणारे कितीही मोठे कलावंत असोत, नियम सगळ्यांना सारखा. एकदा हे सांगितल्यावर एक गुणी शिक्षक रागावून सोडून गेले. वाईट वाटलं, पण नियम बदलला नाही.

नावाचाही विचार करा. आपल्या भागात हायवेला 'कलाकेंद्र' अशी पाटी दिसली की लोक संगीतबारीचं, म्हणजे बायकांच्या लावणीचं, थिएटर समजतात. त्या बायकांची कला आणि कष्ट मला ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे, आणि लावणी शिकवायला त्यांच्यातल्याच एक जाणत्या बाई आमच्याकडे सहा वर्षं येत होत्या. पण पाटी वाचून आईबाप मुलींना पाठवायला बिचकतात, हे मी पाहिलं आहे. म्हणून 'कलाघर' म्हणा, 'तालीमघर' म्हणा. तालीम हा शब्द आपल्याकडे कुस्तीलाही चालतो आणि नाटकालाही, गावात तो कुणाला परका वाटत नाही.

शिकवणार कोण? तुमच्या पत्रात "पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ बोलवायचे" असं एक वाक्य आहे. बोलवा, पण वर्षातून एकदा. रोजचे गुरुजी तुमच्या पंचक्रोशीतच आहेत. तुमच्या वाटेवरचं कवलापूर हे काळू-बाळूंच्या तमाशाचं गाव. तिथली बतावणी, म्हणजे तमाशातली विनोदी बोलाचाली, अजून ज्यांच्या कानात आहे, अशी माणसं शोधा. आरेवाडीच्या बिरोबाला जाणारे धनगर गजी नाचतात, ओव्या म्हणतात. ढोलाचा ठेका बदलला की अख्खी ओळ एकदम वळते, ती कशी, हे त्यांच्याकडूनच शिकावं लागतं. गावात गोंधळी असतील तर संबळ आणि तुणतुणं आहे. पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ साठे दोघंही आपल्याच जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातले. रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव तुमच्यापासून लांब नाहीत. मुलांना एकदा तिकडे घेऊन जा.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. गावात हलगी कोण वाजवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडात त्यांच्यावाचून पान हलत नाही, पण वाजवून झालं की ते बाहेरच उभे. कलाघर असं चालवणार असाल तर काढूच नका. आमच्याकडे हलगीचा वर्ग सुरू केला, तेव्हा मी वस्तीतल्या एका आजोबांना गुरू म्हणून बोलावलं. पहिल्या दिवशी ते पायरीवरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात. तेव्हा वर्गच पायरीवर भरवला. मुलांनी पटांगणात पाचोळा पेटवला. आजोबांनी हलगी धगीजवळ धरून फिरवली, मध्येच बोटाने टिचकी मारून बघितली, पुन्हा फिरवली. चामडं तापत जातं तसा तो आवाज ढबढबीत होता तो कडक, खणखणीत होत जातो. सगळ्या मुलांना त्यांनी तो फरक नुसता ऐकवला. वाजवलं काहीच नाही. पुढच्या गुरुवारी ते आत आले आणि जाजमावर मध्यभागी बसले. मानधन त्यांना तबल्याच्या शिक्षकांइतकंच दिलं आणि गुरुपौर्णिमेला मुलं त्यांच्या पाया पडली. काही घरांनी त्यानंतर मुलं काढून घेतली. त्यातली बरीच वर्षाभरात परत आली.

आईबापांना पटवायचं असेल तर गुणांची गोष्ट कामाला येते. शास्त्रीय संगीत-नृत्य, लोककला, नाट्य आणि शासकीय रेखाकला परीक्षा यांबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांना मुलं बसवा. मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे. ज्यांच्या गांधर्व महाविद्यालयातून ही परंपरा आली ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. गुणांसाठी आलेलं पोरगं पुढे गाण्यासाठी राहतं, असा माझा अनुभव आहे. मात्र सगळा वर्ग परीक्षेच्या मागे लावू नका. निदान एक संध्याकाळ अशी ठेवा की त्या दिवशी कुणालाही काहीही करून बघता येईल.

आता पाहुणे. पाहुणा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटक येतो. मिरजेत मी वेगळे पाहुणे बघितले. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव आणि मोठं रेल्वे जंक्शन. अथणी, चिकोडी, विजापूर, थेट बागलकोटकडून माणसं उपचाराला येतात. पेशंट आत असतो आणि बरोबर आलेल्याला आठ-आठ दिवस करायला काही नसतं. चहाची टपरी, दवाखान्याची पायरी, पुन्हा टपरी. आमचं कलाघर अशाच एका रस्त्यावर. एका संध्याकाळी अथणीकडचे एक वयस्कर गृहस्थ आवाज ऐकून आत आले. त्यांच्या पत्नी दवाखान्यात होत्या. तीन दिवस ते कोपऱ्यात नुसते बसून तबल्याचा वर्ग ऐकायचे, आठ वाजले की हात जोडून जायचे. चौथ्या दिवशी मुलांनीच त्यांना विचारलं, तुम्ही काही वाजवता का? त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं की गावात भजन म्हणतात. आणि मग त्यांनी कन्नड भजन म्हटलं. खालचा षड्ज असा भरदार लावला की ढोलकीवाल्या पोराचा हात थांबला. मुलांना शब्द कळत नव्हते. एका मुलीने ते देवनागरीत उतरवून घेतलं, त्यांनी अर्थ सांगितला आणि पुढचे पाच दिवस आमचा वर्ग त्यांनीच घेतला म्हणा ना. आमच्या वार्षिक कार्यक्रमात ते भजन अजून होतं. १८४२ च्या भागवत मंडळींची गोष्ट मी मुलांना सांगते, तेव्हा त्यांना ती पुस्तकातली वाटत नाही, कारण त्यांनी तसा पाहुणा बघितला आहे.

तुमच्या गावाला दवाखाने नसतील, पण पाहुणे आहेत. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीच्या रथाला कुठून कुठून माणसं येतात. बेदाण्याच्या सौद्याला व्यापारी मुक्कामाला असतात. सागरेश्वरला शाळांच्या सहली जातात, त्या दुपारनंतर मोकळ्याच असतात. द्राक्षांच्या हंगामात बाहेरून मजूर कुटुंबं येतात. त्यांची मुलं चार-चार महिने तुमच्या गावात राहतात आणि कुणी त्यांना नाव विचारत नाही. मला विचाराल तर तुमचा पहिला पाहुणा तोच. त्या मुलांना बोलवा, त्यांच्याकडची गाणी, खेळ, जात्यावरचं काही असेल ते ऐका.

पाहुण्यांना काय दाखवायचं, तर जे रोज चाललं आहे तेच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून बाहेरचे लोक सतारमेकर गल्ली शोधत येतात. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही वाद्यं करायला घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. कारागिरांना मात्र दिवसभर लोकांशी बोलत बसणं परवडत नाही, हातातलं काम राहतं. म्हणून आम्ही त्यांच्याशी बोलून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली. एक कारागीर आमच्याकडे येतात आणि माहिती आमची मुलं सांगतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणाचं, भोपळ्याला गळा कसा जोडतात, दांडी, तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण), वरचं नक्षीकाम, हे सगळं मुलांना पाठ आहे. पण लोक खरे थांबतात ते जवारी लावताना. कारागीर तानपुरा आडवा घेतात, तारेखालची घोडी कानशीने अगदी एक-दोनदा घासतात, तार छेडतात, कान जवळ नेतात. पुन्हा घासतात. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून बोटाने तो जरासा पुढे-मागे सरकवतात. आणि एका क्षणी तो ठोकळ वाजणारा आवाज उघडतो, एका तारेत चार-पाच सूर असल्यासारखा घुमतो. त्या वेळी आमची मुलगी बोलणं थांबवते. तिला आम्ही हेच शिकवलं आहे, की इथे काही सांगायचं नाही, ऐकू द्यायचं. नंतर ती पाहुण्यांना धागा स्वतः सरकवून बघायला देते. मुंबईहून आलेली एक सहा वर्षांची मुलगी त्या धाग्यापाशी इतकी रमली की तिच्या आईवडिलांची गाडी चुकायची वेळ आली होती.

माहिती सांगणाऱ्या या मुलांचं बोलणं सुधारतं, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची भीती जाते, हिंदी-कन्नड-इंग्रजीची मोडतोड का होईना सुरुवात होते. त्यांना आम्ही प्रत्येक संध्याकाळचं मानधन देतो, थोडंच, पण सही घेऊन. १६ वर्षांच्या पोराने स्वतःच्या सहीने पैसे घेतले की घरातही त्याच्या कलेकडे बघण्याची नजर बदलते.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. एका सहल कंपनीने महिन्याला आठ बस पाठवायचं कबूल केलं. अट अशी की १५ मिनिटांत लावणी, गोंधळ, पोवाडा, कोळीनृत्य, सगळं दाखवायचं. मुलींनी नऊवारी, मुलांनी फेटे. पैसा बरा होता, आम्ही हो म्हटलं. दोन महिन्यांत तालीम बंद पडली, कारण रोज तोच पंधरा मिनिटांचा तुकडा बसवायचा. कोळीनृत्याचा कृष्णाकाठाशी काय संबंध, असं एका मुलाने विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसमधले लोक मुलींचे फोटो न विचारता काढायचे. एका पाहुण्याने तर दिलेलं पाणी पिता पिता "अजून एक लावणी होऊ द्या" म्हणून नोट पुढे केली. त्या दिवशी संध्याकाळीच मी फोन करून व्यवहार मोडला. पुढचे चार महिने वीजबिल भरायला ओढाताण झाली, पण तालीम परत सुरू झाली. तेव्हापासून दारावर लिहिलं आहे: इथे मुलं शिकतात. फोटो काढण्याआधी विचारा. अठराच्या आतल्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाहीत, बक्षिसी मुलांच्या हातात देऊ नका, पेटीत टाका. पाहुणे हे पाळतात. कुणी रागावून गेलं असं मला आठवत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. फी ठेवा, फुकट ठेवू नका, पण फी नाही म्हणून एकही मूल परत जाता कामा नये, आणि कुणाची फी माफ आहे हे दोघांपलीकडे तिसऱ्याला कळता कामा नये. आमचा खर्च साधारण तीन ठिकाणांहून निघतो: फी, पाहुण्यांकडून येणारी रक्कम, गावातल्या लोकांच्या देणग्या. पाहुण्यांची रक्कम आम्ही वेगळ्या वहीत लिहितो आणि ती फक्त मुलांवर खर्च होते: वाद्यांची दुरुस्ती, स्पर्धेचा प्रवास, मानधन. पगार आणि वीजबिल त्यातून भरायचं नाही. कारण ते एकदा त्यावर बसलं की पाहुणा म्हणेल तसं नाचावं लागतं. देणगी पैशातच हवी असं नाही. एका हळद व्यापाऱ्याने आम्हाला दहा वर्षं फक्त पोती दिली. ती शिवून आम्ही आवाज दाबायला भिंतींना लावली.

कागदपत्रं कंटाळवाणी असली तरी आधी करा. जुनी शाळा जिल्हा परिषदेच्या नावावर आहे की ग्रामपंचायतीच्या, हे नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीतल्या मिळकत नोंदीच्या) उताऱ्यावर बघा. सरपंचांचा शब्द पुरत नाही, ग्रामसभेचा ठराव आणि लेखी करार हवा, निदान काही वर्षांचा. नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर कुलूप लागतं. इमारत किती पक्की आहे ते अभियंत्याकडून तपासून घ्या. तुम्ही आठ आहात, संस्था नोंदवायला किमान सात लागतात, म्हणजे भागलं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सांगलीला धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. दरवर्षी हिशेब तपासून द्या आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज वेळेत करा. नाटकाचा जाहीर प्रयोग करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पटांगणात कार्यक्रम असेल तर रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद, आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधी.

तुमचं गाव उंचावर असेल तर पुराचं भय नसेल, पण कृष्णेकाठच्या लोकांसाठी सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमची बरीच वाद्यं सांगलीतल्या एका स्नेह्यांच्या तळमजल्यावर कार्यक्रमासाठी नेऊन ठेवलेली होती. पाणी उतरल्यावर गेलो, तर हार्मोनियमचा भाता पुठ्ठ्यासारखा सुटून आला, सूरपट्ट्यांना गंज, तबल्यांच्या पुड्या कुजलेल्या, तानपुऱ्याची तबली वर उचललेली, भोपळ्यात गाळ. एका मुलीने तो गाळ चमच्याने काढला, सगळा, तासभर, एक शब्द न बोलता. तो तानपुरा कारागिरांनी चार महिन्यांनी उभा केला. आवाज पहिल्यासारखा नाही, पण आम्ही तोच वापरतो. आता पावसाळ्यात सगळी वाद्यं माळ्यावर असतात आणि काय कुठे आहे त्याची यादी दोघांच्या फोनमध्ये.

शेवटी तुम्ही विचारलं आहे, यातून किती मुलं कलावंत होतील. फार थोडी. आमच्याकडची दोघं पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकायला गेली, एक मुलगी संगीत शिक्षिका आहे, चार-पाच मुलं नाटकांची आणि लग्नांची प्रकाशयोजना-ध्वनी सांभाळून पोट भरतात. त्यांच्यातल्या एकाला पडद्याची दोरी ओढण्यापलीकडे काही नको होतं, स्टेजवर यायला तो घाबरायचा. त्याला आम्ही दिव्यांची पेटी दिली. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगलीतल्या प्राथमिक फेरीत आमचं नाटक होतं, तेव्हा ऐन प्रवेशात एक दिवा गेला. त्याने दुसरा दिवा इतक्या सावकाश चढवला की प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. त्याला कुणी टाळ्या दिल्या नाहीत, त्याला त्या नकोही होत्या. बाकीची मुलं शेती करतात, दुकानं चालवतात, एमआयडीसीत कामाला आहेत. त्यातली काही आजही गुरुवारी संध्याकाळी ड्यूटी संपली की येऊन बसतात.

तुम्ही आठ जणांनी असंच एखाद्या गुरुवारी सहाच्या सुमाराला या. सगळे या, एकटा-दुकटा नको. निघायच्या आधी चारही खोल्यांची लांबी-रुंदी, खिडक्या किती, फरशी शहाबादी आहे की कोबा, आणि पाण्याची जोडणी कुठपर्यंत आली आहे, हे कागदावर लिहून आणा. आमच्याकडे दोन जुनी जाजमं आणि एक पायपेटी जास्तीची आहे. पायपेटीची एक पट्टी अडकते, पण बाकी ठीक आहे. येताना टेंपो आणलात तर त्याच दिवशी घेऊन जाता येईल.